कावळा बसला, फांदी मोडली, नोंद झाली

एका अमेरिकी भूलतज्ज्ञाने एकदा सरकारी यंत्रणेला कळवले, की फ्लूची लस घेतल्यावर आपण ‘हल्क’ झालो. हल्क म्हणजे चित्रकथांमधला तोच, राग आला की हिरवा पडणारा आणि अंगाने फुगत जाणारा माणूस. लशींच्या दुष्परिणामांची नोंद ठेवणाऱ्या यंत्रणेने हा अर्ज स्वीकारला आणि तो रीतसर माहितीसाठ्यात दाखलही झाला. पुढे तिथून त्याला फोन आला, बोलणे झाले, आणि त्याच्या संमतीने नोंद काढून टाकली गेली.

हा किस्सा सांगणारे बहुतेक लोक शेवटी हसून म्हणतात, “घ्या, ही यांची विश्वासार्ह यंत्रणा!” मला मात्र हा किस्सा यंत्रणेच्या बाजूचा पुरावा वाटतो. दारावर कोणी अडवत नाही, हेच तिचे काम आहे. अडवणारा बसवला असता, तर हल्कबरोबर आणखी कोण कोण परत गेले असते ते कधीच कळले नसते.

या यंत्रणेचे नाव व्हेअर्स. सीडीसी (रोगनियंत्रण पाहणारी) आणि एफडीए (औषधांना परवानगी देणारी) या दोन अमेरिकी सरकारी संस्था मिळून ती १९९० पासून चालवतात. डॉक्टर, परिचारिका, लस बनवणारी कंपनी, लस घेतलेला माणूस, त्याचे नातेवाईक, कोणीही इथे नोंद करू शकते. जाणूनबुजून खोटी नोंद करणे गुन्हा आहे, पण नोंद घेण्याआधी पुरावा मागत नाहीत. फिर्याद आणि निकाल यांत जे अंतर असते, तेच इथली नोंद आणि सिद्ध झालेला दुष्परिणाम यांत आहे. म्हणूनच या क्षेत्रातले लोक ‘दुष्परिणाम’ हा शब्द जपून वापरतात. त्यांचा शब्द आहे ‘लसीकरणानंतरची प्रतिकूल घटना’. त्यातल्या ‘नंतर’वर सगळा भर आहे. लशी‘मुळे’ असे त्यात कुठेही म्हटलेले नाही.

अशा नोंदवह्यांचा जन्म एका औषधाच्या प्रकरणातून झाला. थॅलिडोमाइड हे औषध १९५७ साली पश्चिम जर्मनीत बाजारात आले आणि गरोदरपणातल्या मळमळीसाठी अनेक देशांत सर्रास दिले गेले. हातपाय अर्धवट वाढलेली हजारो बाळे जन्माला आली. एखाद्या डॉक्टरने असे एक बाळ पाहिले, दुसऱ्या गावातल्या डॉक्टरने दोन पाहिली, आणि प्रत्येकाला वाटले की हे आपल्याकडेच आलेले दुर्दैव. ते सगळे एका ठिकाणी मांडायची सोयच नव्हती. १९६१ च्या अखेरीस औषध मागे घेतले गेले. १९६४ मध्ये ब्रिटनने ‘यलो कार्ड’ योजना सुरू केली. कार्ड खरोखरच पिवळे असे, डॉक्टरने भरून टपालात टाकायचे. १९६८ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने देशोदेशीच्या नोंदी एकत्र करायला घेतल्या. तो साठा आज स्वीडनमधल्या उप्साला इथे सांभाळला जातो आणि त्यात कोट्यवधी नोंदी आहेत.

तेव्हा ‘ही यंत्रणा विश्वासार्ह आहे का’ या प्रश्नात एक शब्द कमी पडतो. कशासाठी विश्वासार्ह?

चाचणीला जे दिसत नाही

लस बाजारात येण्याआधी हजारो लोकांवर चाचणी झालेली असते. मग नंतर ही वही कशाला? कारण हिशेबाचे आहे. समजा तीस हजार लोकांना लस दिली आणि एखादा गंभीर त्रास एकालाही झाला नाही. याचा अर्थ तो त्रास होतच नाही, असा निघत नाही. संख्याशास्त्रातला एक साधा नियम सांगतो, की इतक्या लोकांत शून्य घटना दिसल्या तर खरे प्रमाण दहा हजारांत एक इतकेही असू शकते. म्हणजे लाखात एकाला होणारी गोष्ट चाचणीत सापडली तर नशीब म्हणायचे. ती सापडते लस लाखो लोकांना दिल्यावरच. हे ऐकायला बरे वाटत नाही, पण औषध असो वा लस, दुसरी वाट नाही. त्या लाखोंवर नजर कशी ठेवायची, एवढेच आपल्या हातात उरते.

रोटाशील्डचे उदाहरण घेऊ. रोटाव्हायरसमुळे लहान मुलांना भयंकर जुलाब होतात. त्यावरची ही पहिली लस अमेरिकेत ऑगस्ट १९९८ मध्ये मंजूर झाली. मंजुरीआधीच्या चाचण्यांत लस मिळालेल्या सुमारे दहा हजार बाळांपैकी पाच जणांना आतड्यात आतडे शिरून अडकण्याचा त्रास झाला होता. लस न मिळालेल्या सुमारे साडेचार हजारांत असे एक बाळ होते. पाच आणि एक. गट लहान, आकडे लहान, त्यामुळे फरक योगायोगाचाही असू शकत होता. मंजुरी मिळाली.

जुलै १९९९ पर्यंत व्हेअर्सकडे याच त्रासाच्या १५ नोंदी आल्या होत्या. लक्षावधी डोस दिले गेले होते, नोंदी फक्त पंधरा. पण कधी त्रास झाला ते पाहिल्यावर तज्ज्ञांच्या भुवया उंचावल्या, कारण त्या डोसनंतरच्या मोजक्या दिवसांत गोळा झालेल्या होत्या. सीडीसीने लसीकरण थांबवण्याची शिफारस केली आणि मग नीट अभ्यास सुरू केला. त्रास झालेल्या बाळांची तुलना त्याच वयाच्या निरोगी बाळांशी केली. पहिल्या डोसनंतर तिसऱ्या ते चौदाव्या दिवसात धोका ठळकपणे वाढतो, हे त्यातून दिसले. ढोबळ प्रमाण निघाले दहा हजार बाळांमागे एक. ऑक्टोबरमध्ये कंपनीने लस मागे घेतली.

त्या पंधरा नोंदींनी काहीही सिद्ध केले नव्हते. ‘इकडे बघा’ एवढेच त्या म्हणाल्या. सिद्ध करण्याचे काम दुसऱ्या अभ्यासाने केले. लशींचे समर्थक आणि विरोधक दोघेही ही पायरी गाळतात, आणि गंमत म्हणजे दोघेही आपापल्या सोयीने.

कावळा आणि फांदी

आता उलटी बाजू. कावळा बसायला आणि फांदी मोडायला एकच गाठ, असे आपण म्हणतोच. कोट्यवधी कावळे एकाच महिन्यात फांद्यांवर बसवले तर किती फांद्या ‘बसल्यानंतर’ मोडतील?

कल्पनेतला हिशेब करू. सत्तरी ओलांडलेल्या एक कोटी लोकांना एकेक इंजेक्शन दिले. त्यात होते निव्वळ मिठाचे पाणी. या वयात वर्षाला शंभरातले पाच जण दगावतात असे धरले, तर वर्षाला पाच लाख, दिवसाला साधारण १,३७० आणि आठवड्याला साडेनऊ हजारांवर मृत्यू होतील. म्हणजे मिठाच्या पाण्यानंतर सात दिवसांत मृत्यू पावलेल्यांची साडेनऊ हजार नावांची यादी तयार. त्यातला प्रत्येक मृत्यू खरा, प्रत्येक तारीख खरी, प्रत्येक कुटुंबाचे दुःख खरे.

नॉर्वेत हे जवळपास असेच घडले. जानेवारी २०२१ मध्ये तिथे कोविडची लस आधी वृद्धाश्रमांतल्या अतिशय थकलेल्या लोकांना दिली गेली. थोड्याच दिवसांत लसीनंतर दगावलेल्या काही वृद्धांची बातमी जगभर फिरली. औषध नियामकांनी आकडा पुढे ठेवला, की नॉर्वेच्या अशा निवासांमध्ये दर आठवड्याला सरासरी ४०० माणसे एरवीही जातात. अनेकांच्या लेखी विषय संपला.

तिथल्या तज्ज्ञांनी मात्र तो तिथे सोडला नाही, आणि मला हे प्रकरण त्यासाठीच मोलाचे वाटते. पहिल्या १०० मृत्यूंची कागदपत्रे त्यांनी एकेक करून तपासली. ५९ मृत्यूंचा लशीशी संबंध असण्याची शक्यता कमी, २६ मध्ये संबंध शक्य, १० मध्ये बहुधा संबंध असावा, आणि पाचांबाबत काहीच ठरवता येत नाही, असा त्यांचा निष्कर्ष होता. लस घेतल्यावर येणारा ताप, मळमळ, दोन दिवस जेवण न जाणे हे धडधाकट माणूस सहज काढतो. शेवटच्या आठवड्यांत असलेल्या माणसाला तेवढाही धक्का पुरतो. म्हणजे कावळा हलकाच होता, पण काही फांद्या आधीच कुजत आलेल्या होत्या. ‘सगळे लशीमुळे’ हेही चूक आणि ‘एकही लशीमुळे नाही’ हेही चूक. नुसती नोंदवही चाळून हे कळले नसते.

शंभराने गुणायचे का?

“खरे तर एक टक्काच दुष्परिणाम नोंदवले जातात. तेव्हा जो आकडा दिसेल त्याला शंभराने गुणा.” हे वाक्य तुमच्यापर्यंत एखाद्या फॉरवर्डमधून आले असेलच. ते हवेतून आलेले नाही. अमेरिकेत हार्वर्ड पिलग्रिम या आरोग्यसेवेशी जोडलेल्या एका प्रकल्पाच्या २०१० सालच्या अहवालात ते आहे. सुमारे १४ लाख डोस दिल्यानंतरच्या वैद्यकीय नोंदी संगणकाने आपोआप चाळल्या आणि ३५,५७० ‘संभाव्य’ प्रतिक्रिया वेगळ्या काढल्या. एवढ्या तर व्हेअर्सकडे जात नाहीत, असा तो मुद्दा होता.

पण संगणकाने जे वेगळे काढले त्यात किरकोळ आणि असंबद्ध गोष्टीही होत्या. दंड दुखला, अंग कोमट झाले, तर कोण उठून सरकारी फॉर्म भरत बसतो? गंभीर गोष्टींचे तसे नसते. तोंडाने द्यायच्या पोलिओ लशीमुळे क्वचित होणाऱ्या लकव्याच्या ७२ टक्के घटना व्हेअर्समध्ये पोहोचल्या होत्या, आणि गोवर-गालगुंड-रुबेला लशीनंतरच्या पुरळाच्या एक टक्काही नाहीत, असे १९९५ मधल्या एका अभ्यासात आढळले. रोटाशील्डच्या वेळी आतडे अडकण्याच्या जवळजवळ निम्म्या, ४७ टक्के, घटना नोंदल्या गेल्या होत्या. ॲनाफिलॅक्सिस, म्हणजे जिवावर बेतू शकणारी तीव्र ॲलर्जी, हिच्यासाठी २०२० मधल्या एका अभ्यासाने लशीगणिक १३ ते ७६ टक्के असा पट्टा दिला.

थोडक्यात, गळती आहे, मोठी आहे, आणि ती सगळीकडे सारखी नाही. म्हणून शंभराने गुणणे जितके चुकीचे, तितकेच न गुणता तोच आकडा खरा धरणेही चुकीचे.

आणि कधी गळतीच्या जागी पूर येतो. लशीचे नाव बातम्यांत आले की लोकांना गेल्या वर्षीचे दुखणेही आठवते. न्यूझीलंडमध्ये थायरॉइडच्या एका जुन्या गोळीचे रूप आणि त्यातले पूरक घटक बदलले, मूळ औषध तेच. त्याआधीच्या ३० वर्षांत त्या गोळीविषयी १४ तक्रारी होत्या. बातम्या झाल्यावर दीड वर्षात १,४०० च्या वर गेल्या. लशींबाबतही हेच होते. शिवाय कोविडच्या काळात अमेरिकेत नियमच असा होता, की लस घेतल्यानंतरचा मृत्यू कारण काहीही असो, आरोग्य कर्मचाऱ्याने कळवायलाच हवा. त्या काळातल्या मृत्यूंच्या नोंदींची जुन्या लशींशी तुलना करणारे आलेख मी बरेच पाहिले. त्या उंच खांबाखाली हा नियम लिहिलेला एकही पाहिला नाही.

सहा पुरेसे कधी असतात

एप्रिल २०२१ मध्ये अमेरिकेने जॉन्सन अँड जॉन्सनची एक डोसाची कोविड लस तात्पुरती थांबवली. ६८ लाख डोस दिले गेले होते आणि काळजीच्या नोंदी होत्या सहा. एवढ्याशा आकड्यावर एवढा मोठा निर्णय! पण त्या सहा जणींच्या मेंदूतल्या शिरांमध्ये गुठळ्या झाल्या होत्या आणि त्याच वेळी रक्तातल्या प्लेटलेट, म्हणजे रक्त गोठवायला मदत करणाऱ्या पेशी, घसरल्या होत्या. एरवी गुठळ्या होतात तेव्हा प्लेटलेट अशा घसरलेल्या नसतात. फांदी मोडण्याची तऱ्हाच इतकी विचित्र होती, की योगायोग म्हणायला जीभ वळेना.

नोंदवहीची ताकद आणि तिचे आंधळेपण दोन्ही इथे आहेत. त्रास मुळात दुर्मीळ असेल, झटपट होत असेल आणि ओळखू येण्यासारखा असेल, तर अशी वही तो पटकन पकडते. पण एखाद्या लशीने हृदयविकाराच्या झटक्यांचे प्रमाण शंभराला दोनने वाढवले असे समजा. रोज इतके झटके येत असतात, की वाढलेले दोन कोणते ते कोण सांगणार? कुठलाही डॉक्टर अशा झटक्याचा संबंध तीन महिन्यांपूर्वीच्या लशीशी लावणार नाही. वहीत काहीच येणार नाही, आणि ते न आल्याचे कोणाला समजणारही नाही.

उशिरा दिसणाऱ्या त्रासाचेही तेच. २००९ च्या स्वाइन फ्लूच्या साथीत युरोपात पॅन्डेम्रिक्स नावाची लस दिली गेली. लसीकरण झाले त्या हिवाळ्यात. काही मुलांना नार्कोलेप्सी, म्हणजे दिवसाढवळ्या अनावर झोप येण्याचा विकार, जडत असल्याची शंका स्वीडन आणि फिनलंडमधून जाहीर झाली ऑगस्ट २०१० मध्ये. या विकाराचे निदान व्हायलाच महिने लागतात. घंटा वाजली, पण गाडी निघून गेल्यावर.

म्हणून या वह्यांच्या मागे दुसरी फळी असते. ज्या देशांत प्रत्येकाचे लसीकरण आणि आजारपण संगणकात जोडलेले असते, तिथे लस घेतलेल्यांत आणि न घेतलेल्यांत तोच आजार किती झाला हे थेट मोजता येते. स्वीडन, फिनलंड, डेन्मार्क हे यात आघाडीवर आहेत. अमेरिकेत व्हीएसडी नावाचे जाळे हेच करते. नोंदवहीत नेमके जे नसते ते इथे असते: एकूण किती जणांनी लस घेतली, त्यातले किती धडधाकट राहिले. भागाकार करायला खालचा आकडा मिळतो.

एक युक्ती मला विशेष आवडते. लस घेणारे आणि न घेणारे लोक मुळातच वेगळे असतात. कोणी तब्येतीला जपणारे, कोणी डॉक्टरकडे न फिरकणारे. मग तुलना करायची कशी? तर माणसाची तुलना त्याच्याशीच करा. आजारी पडलेल्या माणसांच्या बाबतीत बघा, की आजार लशीनंतरच्या ठरावीक दिवसांत जास्त झाला की वर्षाच्या बाकी दिवसांत. माणूस तोच, घर तेच, सवयी त्याच. लशीचा काही संबंध नसेल तर आजार दिनदर्शिकेवर सगळीकडे सारखे विखुरलेले दिसतील.

कोविडच्या एमआरएनए प्रकारच्या लशींनंतर (फायझर, मॉडर्ना) काही तरुणांना होणारा मायोकार्डायटिस, म्हणजे हृदयाच्या स्नायूचा दाह, या सगळ्या गाळण्यांतून पार झाला. २०२१ मध्ये आधी इस्रायलमधून कुजबुज आली, मग अमेरिकेत व्हेअर्समध्ये नोंदी जमल्या, मग इतर जाळ्यांतून खात्री झाली. १६-१७ वर्षांच्या मुलग्यांत फायझरच्या दुसऱ्या डोसनंतर दर दहा लाख डोसांमागे सुमारे १०६ घटना, हा आकडा खुद्द व्हेअर्सच्याच नोंदी तपासून निघाला. ज्या यंत्रणेने सगळे लपवल्याचा आरोप होतो, त्याच यंत्रणेतून.

सगळ्यात कच्चा दुवा मला नोंदीनंतरच्या तपासाचा वाटतो. २०१८ मध्ये सामोआ या बेटांच्या देशात गोवराची लस दिल्यावर दोन बाळे काही मिनिटांत गेली. लशीची भुकटी पाण्यात मिसळायची, तिथे परिचारिकांनी चुकून स्नायू सैल करणारे औषध मिसळले होते. लस निर्दोष होती. पण लसीकरण कित्येक महिने बंद राहिले, लोकांचा विश्वास उडाला, आणि २०१९ च्या गोवराच्या साथीत त्या छोट्या देशात ८३ माणसे गेली, बहुतेक लहान मुले. कारण शोधायला आणि ते लोकांना पटवायला लागणारा वेळही जीव घेतो.

तुमच्या हाती कधी ‘अमुक लशीमुळे इतके हजार मृत्यू’ असा स्क्रीनशॉट आला, तर त्यात दोन गोष्टी शोधा: एकूण डोस किती, आणि तितक्या लोकांत तितक्या दिवसांत एरवी किती मृत्यू झाले असते. त्या नसतील तर तो आकडा अर्धाच आहे. आणि तुम्हाला स्वतःला किंवा घरात कोणाला लशीनंतर काही गंभीर झाले, तर ‘योगायोग असेल’ म्हणून गप्प बसू नका. लशीचा बॅच क्रमांक, डोसची तारीख आणि वेळ, त्रास कधी सुरू झाला, आधीचे आजार, चालू औषधे हे सगळे लिहून आरोग्य यंत्रणेला डॉक्टरमार्फत किंवा थेट कळवा. योगायोग आहे की नाही हे ठरवणे तुमचे काम नाही. अर्धवट भरलेल्या फॉर्ममधून ते कोणालाच ठरवता येत नाही.

रोटाशील्डची गोष्ट मात्र १९९९ वर थांबत नाही. श्रीमंत देशांत रोटाव्हायरसने क्वचितच मूल दगावते, त्यामुळे तिथे दहा हजारांत एक हा धोका परवडण्यासारखा नव्हता. गरीब देशांत त्याच विषाणूने तेव्हा वर्षाला सुमारे ४ लाख ४० हजार मुले जात होती, असा अंदाज होता. लस मागे घेतल्यावर ती त्यांच्यापर्यंत पोहोचलीच नाही. पुढच्या दोन लशींच्या चाचण्या प्रत्येकी साठ हजारांहून अधिक बाळांवर झाल्या आणि २००६ च्या सुमारास त्या वापरात आल्या. त्यांच्यावर नजर ठेवणाऱ्यांना आतडे अडकण्याचा तोच धोका पुन्हा सापडला, या वेळी वीस हजार ते एक लाख बाळांमागे एक इतका. या वेळी लस थांबवली नाही. धोक्याची ओळ माहितीपत्रकात छापली, आणि पहिल्या डोसनंतर बाळ कळवळून रडले, सतत उलट्या झाल्या किंवा शीमधून रक्त पडले तर ताबडतोब डॉक्टर गाठा, असे आईबापांना सांगायला सुरुवात केली.